एलीचं काम: मंडळीतला तरुणांचा सेवक

(इंदूर येथे ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच, पालक आणि तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, पंचमंडळी, पालक आणि मागच्या बाकांवर बसलेले तरुण,

तरुणांमध्ये काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, ‘या वर्षी पिकनिक कुठे?’ आणि दुसरा, ‘सेमिनरीला (पाळक होण्याच्या शिक्षणाला) कधी जाणार?’ पहिल्या प्रश्नात तो सहलीचा व्यवस्थापक ठरतो, दुसऱ्यात अर्धवट पाळक. हे काम स्वतंत्र पाचारण, म्हणजे देवानं सोपवलेलं काम, असू शकतं, पन्नाशीतल्या माणसानंही ते करावं, यासाठी मंडळीनं जबाबदारी आणि पैसा बाजूला काढावा, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आज मला या पाचारणाची बाजू मांडायची आहे. ती मी भावनेवर मांडणार नाही, कामाच्या तपशिलावर मांडणार आहे.

बायबलमधलं पहिलं शमुवेल, तिसरा अध्याय आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. रात्री हाक येते, शमुवेल हा मुलगा धावत म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे जातो, एली म्हणतो, मी बोलावलं नाही, जाऊन झोप. असं तीनदा होतं. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं की मुलाला देव हाक मारतोय. मग तो त्याला एवढंच शिकवतो की पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं, आणि त्याला परत त्याच्या जागी पाठवतो. आपली प्रवचनं नेहमी शमुवेलावर होतात. तरुणांच्या सेवकानं हा अध्याय एलीच्या जागेवरून वाचावा. हाक एलीला आलेली नाही. निरोप काय आहे हेही त्याला माहीत नाही. मुलाला उत्तर द्यायला शिकवून बाजूला व्हायचं, इतकंच त्याचं काम. सकाळी त्याला मुलाच्या तोंडून तो निरोप ऐकावा लागतो आणि तो नेमका एलीच्याच घराविरुद्ध असतो. तरुण बोलायला लागले की पहिलं गाऱ्हाणं सेवकाविषयी आणि मंडळीविषयीच असतं. ते ऐकून घेण्याची तयारी नसेल त्यानं या कामात पडू नये.

हे काम मंडळ्यांना नवीन नाही. लंडनमध्ये १८४४ साली वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना सुरू झाली तेव्हा तिचा संस्थापक जॉर्ज विल्यम्स कापडाच्या दुकानात नोकरी करणारा बावीस वर्षांचा तरुण होता. १८८१ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या एका मंडळीत पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ हे तरुणांचं मंडळ सुरू केलं. त्यातली शहाणी गोष्ट अशी की तरुणांना नुसतं बसवून ऐकवलं नाही, समित्या करून त्यांच्यावर कामं सोपवली. प्रार्थनासभेची समिती वेगळी, नव्यांवर लक्ष ठेवणारी वेगळी. आपल्या इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज काढलं, तेव्हा त्यांनाही तरुणांचीच काळजी होती. पण कॉलेज काढलं की मंडळीचं काम संपलं असं होत नाही. ते दर आठवड्याला करावं लागतं.

तर आठवड्याचं बघू. रविवारी उपासनेनंतर तरुणांची सभा ठेवायची जुनी पद्धत आता चालत नाही. भंवरकुआ भागातल्या कोचिंग क्लासमध्ये चाचणी परीक्षा बहुधा रविवारीच असतात. उरलेल्यांना आई-वडिलांबरोबर घरी जायचं असतं. शनिवारी साडेसहा ते आठ ही वेळ धरावी आणि आठला म्हणजे आठलाच सोडावं. झाबुआ, अलीराजपूर, धारहून शिकायला आलेली मुलं भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत राहतात. तिथलं फाटक बंद व्हायच्या आत त्यांना पोचावं लागतं. दोनदा उशीर झाला की तिसऱ्या शनिवारी ती येत नाहीत, आणि का येत नाहीत हे सांगतही नाहीत.

या नव्वद मिनिटांतली पहिली पंधरा खाण्याची आणि गप्पांची. चाळीस जणांना तीन किलो कोरडे पोहे पुरतात. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळं ठेवावं, नाहीतर पोहे ओलसर होऊन बसतात. (इंदुरात ही सूचना कुणाला पटणार नाही, पण करून बघा.) नंतर पंधरा मिनिटं गाणी, मग अर्धा तास शास्त्राभ्यास आणि उरलेला वेळ बोलण्याला व प्रार्थनेला. बिघडतं ते शास्त्राभ्यासात. सेवक उभा राहतो, अर्ध्या तासाचं प्रवचन पंचेचाळीस मिनिटं चालतं आणि प्रार्थना पाच मिनिटांत गुंडाळली जाते. त्याऐवजी सहा ते आठ जणांचे गोल करावेत. उतारा दहा-पंधरा वचनांचा, अख्खा अध्याय नाही. मोठ्यानं दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या आवाजांत. मग विचारायचं की इथं घडलं काय, कुणाचं वागणं खटकलं, आणि पुढच्या शनिवारपर्यंत आपण काय करून बघणार. पहिल्या प्रश्नाला ‘देव प्रेमळ आहे’ असं उत्तर आलं तर समजावं की उतारा वाचलेलाच नाही. पुन्हा वाचायला लावावं. मार्काची सोळा अध्यायांची शुभवार्ता या चालीनं साधारण वर्षभर पुरते.

गाण्यांविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण तरुणांच्या सभा सर्वांत जास्त इथंच फसतात. दोन मुलांकडे गिटार असते, एकाकडे ड्रम. तिघांना वाटतं की मोबाइलवर ऐकलेलं गाणं त्याच पट्टीत वाजवावं. ती पट्टी तयार गळ्याच्या गायकासाठी असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज तेव्हा फुटत असतो. ती वर पोचत नाहीत, गप्प बसतात, आणि मग तिघं वाजवतात व तीस जण बघतात. हार्मोनियमच्या पांढरी एकला सा धरला तर वरच्या सप्तकातल्या रेच्या पलीकडे चाल जाऊ देऊ नये. जात असेल तर सा खाली उतरवावा. ड्रम ठेवायचा असेल तर शेवटच्या गाण्याला.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरांतली मुलं शाळेत, कट्ट्यावर, एकमेकांशी हिंदीच बोलतात. मराठी त्यांच्यासाठी आजीची आणि उपासनेची. म्हणून शनिवारी हिंदीला बंदी घालू नये, घातली तर बोलणंच बंद पडेल. पण ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातलं एक गीत महिन्याला बसवावं. हिंदीमुळे देवनागरी त्यांना वाचता येते, अडतात ती शब्दांवर. पहिल्या शनिवारी नुसतं वाचून शब्द सोडवायचे, दुसऱ्या-तिसऱ्याला चाल, चौथ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंडळीसमोर. तिथं पहिल्या बाकावरच्या आजी ते त्यांच्याबरोबर म्हणतात. वर्षाला दहा-बारा गीतं होतात. सहा वर्षं टिकलेल्या मुलाकडे साठेक गीतं असतात आणि उद्या अंत्यविधीच्या वेळी आवाज कोण लावणार, हा प्रश्न मंडळीला पडत नाही.

पंच विचारतात, ‘यातून निष्पन्न काय?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी हजेरीचं रजिस्टर ठेवावं, पण त्यात नुसती बेरीज नको. नाव, जन्मतारीख, पालकांचा फोन, राहण्याचं ठिकाण, परीक्षेचे महिने आणि शेवटी एक मोठा रकाना: ‘कोण भेटलं, केव्हा’. सलग तीन शनिवार कोरे दिसले की चौथ्या आठवड्यात कुणीतरी घरी किंवा खोलीवर जायचं. ‘तू आला नाहीस’ हे वाक्य तिथं उच्चारायचं नाही. तब्येत विचारायची, चहा घ्यायचा, निघायचं. पंचांनी एकूण आकडा विचारू नये, हा शेवटचा रकाना तपासावा. पंचवीस मुलांच्या गटात तो भरलेला असेल तर काम चाललंय. साठांच्या गटात कोरा असेल तर गर्दी जमतेय, एवढंच.

आता सहल. पावसाळ्यात तिंछा किंवा पातालपानीच्या धबधब्याला जायचा हट्ट दरवर्षी होतो आणि दरवर्षी नाही म्हणायचं असतं. धबधब्याचं पाणी तिथं पडणाऱ्या पावसावर चढत नाही, वरच्या डोंगरातल्या पावसावर चढतं. डोक्यावर ऊन असताना लोंढा येतो. २०११ च्या जुलैत पातालपानीला हेच झालं आणि माणसं वाहून गेली. सहल हिवाळ्यात, जागा पाण्यापासून दूर. उन्हाळी शिबिर असेल तर पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. अर्धी पुडी पेल्यात ढवळून देणं ही नेहमीची चूक, मीठ जास्त होऊन मूल अधिकच बिघडतं. अठराच्या आतल्या प्रत्येकाचं पालकांच्या सहीचं संमतिपत्र, त्यावर रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर. त्याची एक प्रत सेवकाजवळ, एक बसमध्ये.

एलीकडे परत जातो, कारण त्याच्या गोष्टीचा एक भाग आपण संडे स्कूलमध्ये गाळतो. दुसऱ्या अध्यायात त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या पवित्र तंबूच्या) दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी काय करत होते ते लिहिलंय. एलीला ते कळलं होतं. त्यानं मुलांना बोलावून समज दिली आणि थांबला. त्यांना कामावरून दूर केलं नाही. घराण्यावर न्याय आला तो याच कारणानं. मंडळीत मुलांशी गैरवर्तनाची कुणकुण लागल्यावर ‘समज देऊन’ प्रकरण मिटवणारे आपण सगळे याच रांगेत उभे राहतो.

म्हणून नियम आधी आणि लेखी. तेरा ते सतरा आणि अठराच्या पुढचे, असे दोन गट. दोघांना एका खोलीत कोंबू नये. लहान गटात आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि कुठल्याही वेळी निदान दोन मोठी माणसं, एकमेकांच्या नात्यातली नसलेली. मुली असतील तर त्यांतली एक स्त्री. एकट्याशी बोलायचं तर दार उघडं आणि दुसरं कुणीतरी नजरेच्या टप्प्यात. एकट्या अल्पवयीन मुलाला किंवा मुलीला गाडीवर सोडायला जायचं नाही. व्हॉट्सॲप गटात एक पालक असायलाच हवा आणि रात्री नऊनंतर खाजगी निरोप बंद. सेवकाला हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे. हेच नियम उद्या खोट्या आरोपातून त्यालाही सोडवतील.

आणि कळल्यावर काय करायचं यात निवड नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. पंचांची बैठक बोलावून मग ठरवू, असं इथं चालत नाही. मुलाकडून तीच हकिगत पुन्हापुन्हा वदवून घेणंही चुकीचं. एकदा ऐकावं, त्याच्याच शब्दांत लिहावं, तारीख-वेळ घालावी, कळवावं.

‘कुणाला सांगू नका’ असं म्हणून मूल बोलायला लागलं तर तसं वचन देऊ नये. ‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे तेवढ्यांनाच सांगेन’ हे वचन पाळता येतं. बोर्डाच्या निकालांच्या सुमारास जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर आडून विचारू नये. आत्महत्येचा विचार येतोय का, असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. प्रार्थना या सगळ्याबरोबर करायची, याच्या ऐवजी नाही.

बाहेरून येणारा आक्षेप धर्मांतराचा. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा त्या हक्काचा भाग नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात म्हटलं. तो खटला आपल्याच राज्याच्या, मध्य प्रदेशच्या, १९६८ च्या धर्मांतरविषयक कायद्यावरचा होता. आता २०२१ चा कायदा आहे. त्यात भेटवस्तू, पैसे, नोकरी, शिक्षण यांचं आमिष गुन्ह्यात मोडतं, आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं व विधी करणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवावं असं म्हटलंय. या कायद्याबद्दल मतभेद असू शकतात, पण सेवकाचं वागणं त्यामुळे संदिग्ध राहायला नको. गट हा मंडळीतल्या कुटुंबांच्या मुलांसाठी आहे, हे लिहून ठेवावं. इतर घरचा मित्र आला तर पोहे खुशाल द्यावेत, पण तो अल्पवयीन असेल तर त्याच्या आई-वडिलांना माहीत असल्याशिवाय दुसऱ्यांदा बसवू नये. बक्षिसं, वह्या, फी यांची सांगड सभेला येण्याशी कधीही घालू नये. आपल्या विश्वासाविषयी कुणी विचारलं तर मात्र तोंड लपवायचं कारण नाही. नीट उत्तर द्यावं.

पैशाचं बोलायला आपण लाजतो. वर्गणी सेवकाच्या खाजगी खात्यात घेतली की वाद ठरलेला, मग तो कितीही सज्जन असो. मंडळीच्या खात्यात जमा, प्रत्येक रकमेची पावती, खर्चाला दोन सह्या, सहलीनंतर आठ दिवसांत हिशेब फलकावर. सेवकाला मानधन द्यावं आणि ते पंचांच्या ठरावात असावं, ‘प्रेमभेट’ म्हणून पाकिटात नको. पाकीट थांबवता येतं, ठराव विचारूनच थांबवावा लागतो. नेमणूक तीन वर्षांची, आणखी तीन वर्षांनी वाढवता येईल अशी. वर्षातून एकदा पाळक, एक पालक आणि दोन तरुण यांनी मिळून आढावा घ्यावा. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, आणि ती रविवारी असू शकत नाही हे उघड आहे.

दुसऱ्या वर्षापासून सेवकानं दोन तरुण हाताशी धरावेत, त्यांना महिन्याचा एक शनिवार पूर्ण चालवू द्यावा आणि स्वतः मागच्या बाकावर बसावं. तो शनिवार रटाळ होईल. मध्ये उठून सावरायला जाऊ नये. जाताना सुपूर्द करायच्या वस्तू कमी असतात: रजिस्टर, संमतिपत्रांची फाइल, गीतांच्या प्रती, हिशेबाची वही, कपाटाची किल्ली आणि व्हॉट्सॲप गटाचं ॲडमिनपद. शेवटचं सोडायला लोकांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

शाळा-कॉलेजं जून-जुलैत उघडतात. त्याआधीच्या पंचांच्या बैठकीत नेमणूक, मानधन, बालसुरक्षेचे नियम आणि शनिवारच्या खोलीची सोय हे चार विषय घ्यावेत, अशी विनंती मी पाळकसाहेबांना इथं सगळ्यांसमोर करतो. प्रश्न असतील तर आता घेऊ, तरुणांचे आधी.