गोलाजवळ बसून ऐकायचे संगीत

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो,

मेळाव्यात संगीताविषयी बोलावे असे मला सुचवण्यात आले, तेव्हा नाट्यसंगीत आणि भावगीत हे विषय सहज हाताशी होते. तरीही ज्या राज्यात आपण घरे केली आणि मुले वाढवली, त्या नॉर्थ कॅरोलायनाच्या मातीतल्या संगीताविषयी मी आज बोलणार आहे. फिडल, बँजो, गिटार आणि बास अशा तंतुवाद्यांचा छोटा मेळ जमवून वाजवल्या जाणाऱ्या या संगीताला इथले लोक ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात, आणि आजचे कितीतरी फोक गायक त्याच संस्कारात घडले आहेत. रॉली आणि केरीच्या परिसरात वर्षानुवर्षे राहूनही आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर ते क्वचितच पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याचे एक मोठे केंद्र, म्हणजे व्हर्जिनियाच्या सीमेलगतचे माउंट एअरी, आपल्यापासून गाडीने सुमारे अडीच तासांवर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हे संगीत मंचासमोर खुर्चीत बसून ऐकले तर निम्मेच कळते. वाजवणाऱ्यांच्या जवळ बसून ते ऐकले, तर त्याची गोडी लागल्यावाचून राहत नाही.

आपला कान मैफलीत तयार झालेला असतो. कलाकार मंचावर बसतो, राग हळूहळू उलगडत जातो आणि एखादी अवघड जागा साधली की आपण दाद देतो. ओल्ड-टाइमचा जॅम, म्हणजे एकत्र जमून वाजवण्याची बैठक, यापेक्षा अगदी वेगळा असतो. आठ-दहा माणसे एकमेकांकडे तोंड करून गोलात बसतात, त्यामुळे श्रोत्यांच्या वाट्याला निम्म्या वादकांची पाठ येते. फिडलवाला एक धून सुरू करतो. तिचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक फेरी पूर्ण होते. मग तीच धून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि अशा पंधरा-वीस फेऱ्या होतात. सगळे सतत वाजवत असतात. कुणी आपल्या पाळीची वाट पाहत नाही आणि कुणासाठी इतर थांबत नाहीत. ज्याने धून काढली तो एक पाय उचलतो, तेव्हा ही शेवटची फेरी आहे हे सर्वांना कळते आणि सगळे एकदम थांबतात.

प्रथम ऐकणाऱ्याला हे एकसुरी वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या गावातले भजनी मंडळ एकच चरण घोळवत राहते, तेव्हा दहाव्या आवर्तनात त्या चरणाचे जे होते, ते पहिल्यात झालेले नसते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला आहे. इथेही तेच घडते. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत धून पाठ झालेली असते आणि त्यानंतर कान मोकळा होतो. फिडलवाल्याने या वेळी एक स्वर गाळला, बँजोने त्या रिकाम्या जागेत अंगठ्याचा ठोका घातला, गिटारचा खर्ज किंचित आधी उतरला, हे सारे ऐकू येऊ लागते. मला स्वतःला या संगीतात सर्वांत जास्त आवडते ते हेच. मूळ धून कोणीच सोडत नाही, आणि तरीही कोणतीही फेरी मागच्या फेरीसारखी नसते.

थोडे वाद्यांविषयी. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, फक्त तारा लावण्याच्या पद्धती निराळ्या. एरवी ते जी-डी-ए-ई असे लावतात. पण जुन्या अनेक धुनांसाठी खालच्या दोन तारा चढवून ए-ई-ए-ई असे लावतात. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज-पंचम-षड्ज-पंचम. कर्नाटक संगीतातले व्हायोलिनवादक आपले वाद्य याच स्वरसंबंधात लावतात, ही गोष्ट कळली तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. असे लावल्यावर गज एका तारेवर धून वाजवत असताना शेजारची तार आपोआप आधारस्वर देत राहते, आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तिथे लगेच घरी आल्यासारखे वाटते. जुन्या वादकांचा गंधार तर मुद्दाम ऐकण्यासारखा असतो. तो कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. पियानोवर वाढलेल्या कानाला तो बेसूर वाटण्याची शक्यता आहे. श्रुतींची जाण असलेल्या आपल्या मंडळींनी तो लक्ष देऊन ऐकावा.

बँजो म्हटले की आपल्याला गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. ते वाद्य वेगळे, कळा दाबून वाजवायचे. इथला बँजो चामड्याने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याने मढवलेला, लांब दांडीचा असतो आणि त्याची पाचवी तार इतरांपेक्षा आखूड असते, दांडीच्या मध्यापासून सुरू होणारी. ही तार सतारीच्या चिकारीप्रमाणे वरच्या स्वरात लावलेली असते आणि ती अंगठ्याने वाजते. ‘क्लॉहॅमर’ पद्धतीत वादक तारा वर खेचत नाही. हात पंजासारखा वळवून नखाच्या पाठीने तो तारेवर खाली आघात करतो आणि हात वर उचलताना अंगठा पाचवी तार सोडतो. त्यामुळे धून, लय आणि आधारस्वर ही तिन्ही कामे एकच हात करतो. माउंट एअरीजवळच्या राउंड पीक भागातले फ्रेड कॉकरहॅम यांच्यासारखे वादक पडदे नसलेला बँजो वाजवत, आणि त्यावर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी जी मींड येते, ती ऐकून आपल्याकडचा कोणताही सरोदप्रेमी मान डोलावेल.

अनेकजण ओल्ड-टाइम आणि त्यातून पुढे निघालेली ब्लूग्रास ही शैली एकच समजतात, म्हणून दोन शब्द. ब्लूग्रासचे रूप डिसेंबर १९४५ मध्ये पक्के झाले, जेव्हा आपल्याच राज्यातल्या क्लीव्हलंड काउंटीचे अर्ल स्क्रग्ज बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले आणि तीन बोटांच्या वेगवान बँजोवादनाने त्यांनी श्रोत्यांना थक्क केले. त्यात वादक आळीपाळीने पुढे येऊन आपले कौशल्य दाखवतात. ते संगीत मंचासाठी घडले, तर ओल्ड-टाइम नाचासाठी. राउंड पीक भागात नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज वेगवेगळ्या घरी शेजारी जमत, खोलीतले सामान बाहेर काढून जागा करत आणि रात्री उशिरापर्यंत नाचत. पंधरा-वीस फेऱ्यांचे मूळ तिथे आहे, कारण नाचणाऱ्यांचे पाय थांबेपर्यंत वाजवणाऱ्यांना थांबता येत नसे.

आता इतिहासाविषयी थोडे सविस्तर बोलणे मला आवश्यक वाटते. फिडल स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी आणले. बँजो मात्र आफ्रिकेचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर चामडे ताणून, त्याला दांडी जोडून हे वाद्य पुन्हा घडवले, आणि फिडलवरही त्यांनी प्रभुत्व मिळवले. मळ्यांवरच्या नाचांसाठी फिडल वाजवणारे बहुधा कृष्णवर्णीय गुलामच असत. या दोन वाद्यांची जोडी अमेरिकेच्या दक्षिणेत जमली, आणि त्या जोडीतूनच हे सारे संगीत उभे राहिले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर रेकॉर्ड कंपन्या दक्षिणेत आल्या. १९२३ मध्ये अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि खेड्यातले संगीत विकले जाते हे कंपन्यांच्या लक्षात आले. १९२५ मध्ये आपल्या राज्यातल्या कापडगिरणीत काम करणारे चार्ली पूल न्यूयॉर्कला जाऊन गाऊन आले आणि घरोघर पोहोचले. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल या गावी रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स पुढे आले. या रेकॉर्डींनी फार मोठा ठेवा जपला, याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण कंपन्यांनी विक्रीसाठी दोन वेगळ्या याद्या केल्या, एक कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी आणि एक डोंगराळ भागातल्या गोऱ्यांसाठी. पहिल्या यादीत प्रामुख्याने ब्लूज आणि दुसरीत फिडल-बँजो. कृष्णवर्णीयांचे स्ट्रिंग बँड, म्हणजे तंतुवाद्यांचे मेळ, गावोगावी वाजवत होते, परंतु त्यांचे ध्वनिमुद्रण फारच थोडे झाले, आणि पुढच्या पिढ्यांची समजूत अशी झाली की हे गोऱ्यांचेच संगीत आहे. एका व्यापारी सोयीमुळे लोकांच्या स्मरणातून एक समाजच्या समाज पुसला जावा, याचा मला आजही राग येतो.

ही चूक दुरुस्त होण्यात डरहॅम आणि ग्रीन्सबरोच्या मधल्या मेबन गावाचा मोठा वाटा आहे. जो थॉम्पसन हे तिथले फिडलवादक. १९१८ चा जन्म, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, आणि वडिलांकडून आलेले वादन. चुलतभाऊ ओडेल बँजो वाजवत. २००५ मध्ये बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचे एक संमेलन भरले. तिथे ओळख झालेले रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तरुण त्यानंतर नियमितपणे जो यांच्या घरी जाऊ लागले. त्यांच्यासमोर बसायचे, ते वाजवतील तसे वाजवायचे. कागदावर काहीही नाही. गुरूसमोर बसून विद्या घेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. या तिघांचा कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड पुढे देशभर गाजला आणि २०११ मध्ये त्यांना पारंपरिक फोक संगीताच्या आल्बमसाठी ग्रॅमी मिळाले. जो थॉम्पसन यांना २००७ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला होता. आपली विद्या मार्गी लागलेली पाहून ते २०१२ मध्ये गेले. रिॲनन गिडन्स यांना २०२३ मध्ये त्यांच्या ऑपेरासाठी सहसंगीतकारासह पुलित्झर पारितोषिक मिळाले. घरातल्या मुलांना हे नाव अनोळखी वाटले, तर त्यांना सांगा की २०२४ मध्ये बियॉन्सेच्या ज्या गाण्याने सगळीकडे धूम केली, त्याच्या सुरुवातीचा बँजो यांच्या हातचा आहे.

मेबनमध्ये जे घडले, तेच काही दशके आधी माउंट एअरीजवळच्या टोस्ट या वस्तीत टॉमी जॅरल यांच्या घरी घडले होते. १९०१ मध्ये जन्मलेल्या या माणसाने उमेदीची वर्षे राज्याच्या रस्ते खात्यात ग्रेडर हे रस्ता सपाट करणारे यंत्र चालवण्यात घालवली. निवृत्ती आणि त्यापाठोपाठ पत्नीचे निधन यांनंतर त्यांनी फिडल पुन्हा मनावर घेतले. त्यांची कीर्ती पसरली तशी न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियापासून तरुण मुले त्यांच्या दारात येऊ लागली. जॅरल त्यांना ठेवून घेत, जेवू घालत आणि रात्र रात्र वाजवत. १९८२ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा सन्मानितांत ते होते. ते १९८५ मध्ये गेले. आज देशात कुठल्याही शहरात ओल्ड-टाइमचा जॅम बसला, तर त्यांच्या घरून आलेल्या चार-दोन धुना तिथे हमखास वाजतात.

आधुनिक फोकविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकायला कुठे जावे लागत नाही. चॅपल हिलमध्ये सुरू झालेली वॉचहाउस ही जोडी, पूर्वीचे मॅन्डोलिन ऑरेंज, यापासून सुरुवात करावी. दोन आवाज, मॅन्डोलिन, गिटार, फिडल, आणि गाण्यांत आजच्या माणसांची सुखदुःखे. त्यानंतर जिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज. वेल्च वाढल्या लॉस एंजेलिसमध्ये, तरी त्यांची नवी गाणी शंभर वर्षे जुनी असावीत अशी वाटतात. आपल्या परिसरातच जन्मलेल्या एलिझाबेथ कॉटन यांची जुनी ध्वनिमुद्रणेही अवश्य ऐका. डावखुऱ्या असल्यामुळे त्या उजव्या हाताची गिटार उलटी धरत, त्यामुळे अंगठा धून वाजवी आणि बोटे खर्ज सांभाळत. घरकाम करून पोट भरणाऱ्या या बाईंचे पहिले ध्वनिमुद्रण साठीनंतर झाले. या सर्वांत माझी पसंती विचाराल, तर कॉटन यांना.

प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर माउंट एअरीच्या अर्ल थिएटरमधून दर शनिवारी सकाळी डब्ल्यूपीएक्यू या १९४८ पासून चालू असलेल्या रेडिओ केंद्राचा कार्यक्रम थेट प्रसारित होतो. जूनच्या सुरुवातीला त्याच गावी फिडलवादकांचे संमेलन भरते आणि ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या गेलॅक्स येथे १९३५ पासून भरत आलेले मोठे संमेलन असते. दोन्हीकडे मंचावर स्पर्धा चालू असते, पण खरे संगीत वाहनतळावर, तंबूंच्या मधल्या जागेत असते. तिथे हिंडावे आणि कान ओढेल त्या गोलाजवळ थांबावे.

आपल्या मंडळातली पुष्कळ मुले शाळेत व्हायोलिन शिकतात, म्हणून त्यांच्या पालकांसाठी शेवटचे काही शब्द. मुलांना वाद्यासह न्यावे. नवख्याने गोलाच्या बाहेरच्या बाजूला, आतल्यांना अडथळा न करता बसावे आणि धून ओळखीची होईपर्यंत अगदी हळू वाजवावे. गोलात बँजो आणि बास बहुधा एकेकच असतो, त्यामुळे ही वाद्ये घेऊन आत शिरण्यापूर्वी विचारावे. पट्टी वारंवार बदलत नाहीत, कारण बँजोच्या तारा प्रत्येक पट्टीसाठी नव्याने लावाव्या लागतात; म्हणून ज्या पट्टीत मंडळी बसली आहेत, तिच्यातलीच धून सुचवावी, आणि तीही कुणी विचारल्यावर. मुले बिचकली, तर आजूबाजूचे वयस्क वादक बहुतेक वेळा स्वतःहून खुर्ची सरकवून जागा करून देतात. येत्या जूनमध्ये आम्ही काही कुटुंबे माउंट एअरीला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी भोजनाच्या वेळी मला अवश्य भेटावे. धन्यवाद.