हीटलींची भांडी

हे भांडं नीट बघा. चिनी मातीचं, चपटं, एका टोकाला आखूड तोंड. दवाखान्यातलं बेडपॅन आठवलं ना? बरोबर आहे, ते त्यावरूनच बेतलंय.

ऑक्सफर्ड, 1940. फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिननं उंदीर वाचलेत. पण माणूस उंदराच्या 3000 पट वजनाचा. औषधही त्याच मापानं हवं. हे औषध मिळतं एका बुरशीपासून, आणि ती धरते द्रवाच्या पातळ थरावर. बाटल्या झाल्या, डबे झाले, शेवटी जमलं ते बेडपॅनमध्ये. युद्धात तेही पुरेसे मिळेनात. मग त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली यांनी कागदावर भांड्याची आकृती काढली, स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामाच्या कारखान्यात धाडली आणि 23 डिसेंबरला, उसन्या आणलेल्या व्हॅनमधून 174 भांडी स्वतः घेऊन आले. ऐन नाताळात त्यांत बुरशीची पेरणी झाली.

या सहा मुली. पगार आठवड्याला दोन पौंड. हातात रंगाऱ्याचा फवारा, पण फवारायचे बुरशीचे बीजाणू. बुरशी पिकली की खालचा पिवळा द्रव अलगद ओढून घ्यायचा, भांड्यात नवा भरायचा. रोज हेच. पेनिसिलिन या मुलींच्या हातांतून तयार झालं, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं सापडतं.

आणि हे हीटलींचं यंत्र. ग्रंथालयानं मोडीत काढलेलं पुस्तकांचं कपाट, त्यात काचेच्या नळ्या, उलट्या टांगलेल्या बाटल्या. द्रव गार करून आम्ल करायचा. पेनिसिलिन त्यातून विद्रावकात, म्हणजे ते विरघळवून घेणाऱ्या दुसऱ्या द्रवात, उतरतं. तिथून पुन्हा किंचित अल्कधर्मी पाण्यात. हा परतीचा रस्ता हीटलींना सुचला, म्हणून ते टिकलं. बाटली बदलायची वेळ झाली की वाजायची ही साधी दारावरची घंटा.

12 फेब्रुवारी 1941. पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर, वय 43, गंभीर जंतुसंसर्गानं आजारी. पेनिसिलिनच्या पहिल्या सुईनंतर दुसऱ्याच दिवशी ताप उतरू लागला. औषध अपुरं, म्हणून त्यांच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढलं. ती सायकलवरून प्रयोगशाळेत यायची. पाचव्या दिवशी साठा संपला. 15 मार्चला ते गेले.

पुढे अमेरिकेत मोठमोठ्या टाक्या आल्या आणि 1944 च्या नॉर्मंडीच्या चढाईपर्यंत लाखो मात्रा तयार झाल्या.

1945 चं नोबेल पेनिसिलिनचा शोध लावणारे फ्लेमिंग, तसंच फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. हीटलींना ऑक्सफर्डनं वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली, 1990 मध्ये. तेव्हा ते 79 वर्षांचे होते.