माटुंग्याचे बुडबुडे

मुंबईत माटुंग्याला, नाथालाल पारेख मार्गावर, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. पाटीवर आयसीटी, जुनी मंडळी मात्र अजून यूडीसीटीच म्हणतात, म्हणजे युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली.

प्राध्यापकांच्या यादीत प्रत्येक नावाखाली 'संशोधनाचा विषय' म्हणून एक रुक्ष ओळ असते. मल्टिफेज रिअ‍ॅक्टर, कॅव्हिटेशन, असलं काहीतरी. वाचून कुणी थांबत नाही. इथे थांबू या, कारण माटुंग्यात या ओळींमागे एक गुरु-शिष्य परंपरा आहे. तिचा विषय, बुडबुडा.

१९६४. केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले मनमोहन शर्मा इथे प्राध्यापक झाले. वय अवघं २७. वायू द्रवात किती वेगाने शोषला जातो, हा त्यांचा प्रश्न. खत कारखान्यात अमोनिया बनवण्याआधी वायूतला कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो, तिथे याच प्रश्नाशी गाठ पडते. उत्तर बरंचसं वायू आणि द्रव यांच्या स्पर्शाच्या क्षेत्रफळावर ठरतं. पण टाकीत उसळणाऱ्या लाखो बुडबुड्यांचं क्षेत्रफळ मोजणार कसं? शर्मांनी पट्टी वापरली रसायनाची. जिचा वेग आधीच ठाऊक आहे अशी क्रिया टाकीत घडवायची, किती वायू शोषला गेला ते मोजायचं, आणि त्यावरून क्षेत्रफळ काढायचं. १९९० साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी बबल कॉलममध्ये रमले. उंच नळकांडं, तळातून वायू; द्रव मधून वर चढतो, भिंतीलगत खाली उतरतो. दुसरे विद्यार्थी गणपती यादव उत्प्रेरकांकडे वळले, ती वाट वेगळी.

जोशींचे विद्यार्थी अनिरुद्ध पंडित. त्यांचा बुडबुडा मुळात पंपवाल्यांचा वैरी. पाण्याचा दाब एकदम पडला की साध्या तापमानालाही वाफेचे बुडबुडे उठतात आणि दाब परतताच फुटतात; हेच कॅव्हिटेशन. क्षणभर, सुईच्या टोकाहून लहान जागेत, हजारो अंश तापमान! पंपाच्या इंपेलरला, म्हणजे फिरत्या पात्यांना, खड्डे पडतात ते यामुळेच. पंडितांनी हीच विध्वंसक शक्ती पाण्यातले जंतू मारायला आणि सांडपाण्यातली रसायनं तोडायला जुंपली. साधन काय, तर पाइपात बसवलेली भोकांची चकती. त्यातही गंमत आहे: एक मोठं भोक पाडण्यापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाची पुष्कळ बारीक भोकं पाडली, तर काम जास्त चांगलं होतं.