डबडब

(दृश्य: पहाटेचा रस्ता. मागे सरकणारी झाडं, लांबवर कर्नाळ्याचा सुळका.)

परीक्षा संपली की आमची एसटी निघायची. मुंबईहून पनवेल, मग कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ आणि पुढे महाडकडे गाव. या रस्त्याला आज राष्ट्रीय महामार्ग ६६ म्हणतात. आम्ही लहान होतो तेव्हा तो १७ नंबरचा होता. दोन्ही बाजूंना गर्द झाडी आणि मध्ये अरुंद डांबर. मी खिडकीशी बसायचो ते एकाच गोष्टीसाठी. पेण मागे पडलं की रस्त्याकडेला झावळ्यांचे मांडव दिसू लागायचे आणि त्यांच्या सावलीत कलिंगडांचे ढीग. वर बांबूला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या.

वडखळला गाडी चहाला थांबली की बाबा खाली उतरायचे, त्यांच्यामागे मी. मांडवात एक मावशी बसायची. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर घाम, शेजारी पाण्याचा हंडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला कोयता. तिच्या पाठीमागे लगेच शेत सुरू व्हायचं. पावसाळ्यात तिथे भात असायचा. भात कापून झाला की त्याच खाचरात डिसेंबरच्या सुमारास आळी, म्हणजे छोटे खड्डे, करून कलिंगडाचं बी टोचायचं. जमिनीत उरलेली ओल, वर कळशीने घातलेलं पाणी, आणि ऐंशी-नव्वद दिवसांनी फळ. मावशीच्या मांडवात कलिंगड कुठल्या गाडीतून येत नव्हतं. सकाळी वेलीवरून काढलेलं, दुपारी आमच्या हातात.

भाव नगावर. तराजू नव्हताच. बाबा घासाघीस करायचे, मावशी हसायची, आणि शेवटी एखादं लहानसं फळ ती वर घालायची, "पोराला" म्हणून.

एका वर्षी मी हट्ट धरला, या वेळी कलिंगड मी निवडणार. ढिगातलं सगळ्यात मोठं उचललं. मावशी म्हणाली, "त्ये नको रं." मी ऐकलं नाही. बाबांनी पैसे दिले. गोणपाटात घालून ते सीटखाली ठेवलं. वाटेत प्रत्येक वळणावर ते माझ्या पायांवर येऊन आदळायचं आणि मला त्याचाही अभिमान वाटायचा.

(दृश्य: विहीर. पाण्यावर हेलकावणारं हिरवं कलिंगड.)

गावी फ्रिज नव्हता. कलिंगड टोपलीत घालून विहिरीत सोडायचं. कलिंगड बुडत नाही. एवढं जड फळ पाण्यावर तरंगतं, आणि आम्ही सगळी भावंडं कठड्यावर पोटावर पालथी पडून ते बघत राहायचो. संध्याकाळी अंगणात सगळे गोल बसले. आजीने विळीवर फळ धरलं. पिकलेलं कलिंगड पातं टेकताच पुढे आपोआप तडकत जातं, त्याचा कर्रर्र आवाज येतो. त्या दिवशी तो आवाज आलाच नाही. आजीला जोर लावून कापावं लागलं. आत फिका गुलाबी गर आणि पांढऱ्या बिया.

कोणी काही बोललं नाही. मला मात्र रडू फुटलं. आजीने ते सगळं किसलं, त्यात गूळ आणि तांदळाचं पीठ कालवलं आणि बिडाच्या तव्यावर घावन घातले. साली गोठ्यात गेल्या. मला अजून त्या घावनांची चव आठवते, खरंच छान झाले होते.

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा तिथेच थांबली. मी मावशीला सांगितलं, कच्चं निघालं. तिने मला ढिगाजवळ बसवलं. मी कलिंगडावर जोरात थापा मारू लागलो, तसा तिने माझा हात धरला.

"मारतोस कशाला पोरा? आयक नं."

तिने दोन फळं माझ्यासमोर ठेवली. एकावर टिचकी मारली. टणटण, भांड्यासारखा आवाज. हे कच्चं. दुसऱ्यावर मारली. डबडब. खोल, भरलेला आवाज. मग देठाजवळची बाळी दाखवली, वेलीला असते ती गुंडाळीसारखी बारीक तार. ती सुकलेली हवी. मग फळ उलटं केलं. जमिनीला टेकलेला डाग पांढराफटक असेल तर थांबायचं, पिवळसर झाला की घ्यायचं. आंबा अढीत पिकतो, कलिंगड तसं पिकत नाही. वेलीवरून तुटलं की त्याची गोडी तिथेच थांबली. म्हणून तोडणाऱ्याचा कान महत्त्वाचा. मावशी कधी शाळेत गेली होती का, मला माहीत नाही. पण ऐकायला मला तिने शिकवलं.

(दृश्य: आजचा महामार्ग. काँक्रीट, दुभाजक, धूळ.)

या रस्त्याचं पनवेल ते रायगडमधल्या इंदापूरपर्यंतचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. झाडं गेली, मांडव मागे सरकले, काही उठलेच. मावशीचा मांडव नेमका कुठे होता ते मी दोनदा गाडी थांबवून शोधलं. सापडला नाही. शेतं आहेत. आता आळ्यांऐवजी उंच गादीवाफे, त्यावर माती झाकणारा मल्चिंगचा चंदेरी कागद, खाली ठिबकच्या नळ्या. फळं काट्यावर विकली जातात. कष्ट कमी झाले असतील तर चांगलंच आहे, कळशीने पाणी घालणारे ते खांदे मी पाहिले आहेत.

पेणच्या पुढे एका ताडपत्रीखाली एक ताई बसली होती. मोबाइलवर पैसे घ्यायचा फलक, बाजूला कांद्याच्या माळा तशाच. मी म्हटलं, "ताई, मी निवडू?"

ती म्हणाली, "निवडा की."

मी खाली बसलो. पहिल्यावर टिचकी मारली. टणटण. बाजूला ठेवलं. दुसरं. तिसरं. चौथ्याला बाळी सुकलेली होती, डाग पिवळा होता. कान जवळ नेला.

डबडब.

ताईने कोयता टेकवला, आणि फळ तिच्या हाताच्या पुढे तडकत गेलं.