खुर्चीतली पंधरा मिनिटं

(दृश्य: निळं पाणी, नारळाची रांग, मग एका खोलीतली रिकामी खुर्ची)

या खुर्चीत बसण्याआधी आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे. अंगावरची धूळ मोजायची नाहीये. मोजायचंय ते अंगात मुरलेलं किरणोत्सारी द्रव्य. मग पंधरा मिनिटं न हलता बसायचं.

ही प्रशांत महासागरातली मार्शल बेटं. १ मार्च १९५४च्या पहाटे अमेरिकेने इथल्या बिकिनी बेटावर ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. १५ मेगाटन, अंदाजाच्या जवळजवळ अडीच पट. काही तासांत दीडशे किलोमीटरवरच्या रोंगेलाप बेटावर पांढरी राख भुरभुरू लागली. पोरं तिच्यात खेळली. माणसांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. तोवर कातडीची आग होऊ लागली होती. पुढे कातडीवर भाजल्यासारख्या जखमा झाल्या, केस गळाले.

राखेतलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं, पण आठ दिवसांत निम्मं होतं. कुणाच्या गळ्याला यंत्र लावून ते मोजलंच गेलं नाही. १९६३पासून थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या, तेव्हा मोजायला काही उरलं नव्हतं.

उरलं ते मातीत वर्षानुवर्षं टिकणारं किरणोत्सारी सीझियम-१३७.

(दृश्य: पडद्यावरचा आलेख)

आलेखावर दोन शिखरं दिसतात. एक पोटॅशियमचं, ते तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या अंगात असतं. दुसरं सीझियमचं. प्रवाळाच्या वाळूत पोटॅशियम फार कमी, म्हणून भुकेलं झाड त्याच्या जागी सीझियम ओढून घेतं. ते उतरतं शहाळ्यात, खोबऱ्यात आणि खोबरं खाणाऱ्या खेकड्यात. मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण तीन महिन्यांत ते निम्मं बाहेर पडतं. म्हणजे हे शिखर सांगतं, गेल्या काही महिन्यांत ताटात काय होतं.

बिकिनीचे लोक सत्तरच्या दशकात घरी परतले होते. नव्याने लावलेल्या माडांना फळं धरली आणि अंगातलं सीझियम चढत गेलं. १९७८मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं. नंतर कळलं, मातीत पोटॅशियमचं खत घातलं की नारळातलं सीझियम कितीतरी घटतं. किती साधा उपाय, आणि किती उशिरा!

रोंगेलापची माणसं १९५७मध्येच परत नेली गेली. त्यांचं बेटावर राहणं माणसांवरील किरणोत्साराची फार मोलाची माहिती देईल, असं अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या अहवालात तेव्हा छापलं गेलं. दरवर्षी डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे, मोजायचे. अहवालातलं ते वाक्य मला अजून खुपतं. ज्याचं शरीर, त्याचं नाव त्या हिशेबात सर्वांत शेवटी.

१९८५मध्ये, बेट राहण्याजोगं आहे असं सांगितलं जात असताना, रोंगेलापकरांनी आपली घरं उकलली, लाकडं-पत्रे ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजावर चढवले आणि ते मेजातो या दुसऱ्या बेटावर गेले.

(दृश्य: पुन्हा तीच खुर्ची)

आज अशा खुर्च्या त्यांच्याच बेटांवर आहेत. यंत्र चालवणारे तंत्रज्ञही मार्शलीज आहेत. मोजणी संपली की आकडा खुर्चीतल्या माणसाला सांगायचा, आणि मग तो विचारतो ते ऐकायचं: घरामागचा माड धरलाय, पोरांना शहाळं देऊ का?