मोफत वकील मिळतो, हे सांगायचं कुणी?

(दृश्य: तालुक्याचं न्यायालय. व्हरांड्यात टायपिस्ट, झाडाखाली तारखेला आलेली माणसं.)

निवेदन:

घरी समन्स आलं की माणूस आधी घाबरतो, मग कुणी ओळखीचा शोधतो. तो ओळखीचा पुष्कळदा सांगतो, "कागद घेऊच नकोस." हा सल्ला फार महागात पडतो. समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं, आणि तारखेला कुणी उभंच राहिलं नाही तर निकाल एकतर्फी लागू शकतो.

(दृश्य: समन्सचा कागद, अगदी जवळून.)

या दाट मजकुरात आधी तीन गोष्टी शोधा: कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, हजर राहायची तारीख. मग हा कागद घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी समितीकडे जा. तिचं काम न्यायालयातूनच चालतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना त्यात मोफत वकिलाचा हक्क आहे, आणि तो उत्पन्न न बघता. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं धरता येतं.

बाईच्या बाबतीत हे ठासून सांगायला हवं. पोटगीचा अर्ज करायला आलेल्या बाईला नवऱ्याचा पगार किती, माहेरची शेती किती, हे विचारायचं कारणच नाही. ती बाई आहे, एवढं पुरे.

(दृश्य: वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, मुंबईतला रस्ता.)

हक्क कागदावर असतो, पण तो सांगितला जात नाही, हे दुखणं जुनं आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगातल्या १५ महिलांशी बोलल्या. त्यांतल्या ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं.

१९८३ च्या निकालात कोठडीतल्या स्त्रियांच्या सुरक्षेचे आदेश आहेतच. पण आमच्या विषयासाठी त्यातला एक आदेश सोन्यासारखा आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठीत छापा, राज्यातल्या प्रत्येक कोठडीत ते पत्रक लावा, आणि माणसाला आणल्याबरोबर त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. वाचून दाखवा! अक्षरओळख नसलेल्या माणसाचा विचार न्यायालयाने केला होता. अटकेची खबर जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच द्यायची, असंही त्यात होतं. आपल्या गावच्या ठाण्यात ते पत्रक आहे का, हे विचारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

(दृश्य: लोकअदालत. टेबलापाशी दोन्ही बाजूंचे पक्षकार.)

लोकअदालतीत वाद मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. हे सगळे सांगतात. त्या निवाड्यावर अपील नाही, हे मात्र सहीच्या आधी कुणी समजावत नाही. तडजोडीचा मजकूर पूर्ण वाचून घ्या. पटला नाही तर सही करू नका. प्रकरण पुन्हा नेहमीच्या कोर्टात चालतं, आपलं काही बुडत नाही.

(दृश्य: एक स्त्री अर्ज लिहून घेते आहे.)

अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात. मंजूर झाला की वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, निकालाची नक्कल हा खर्च प्राधिकरणाचा. नेमून दिलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. त्याने पैसे मागितले किंवा तो तारखेला येतच नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कुठे जायचं तेच कळत नसेल, तर फोन नंबर आहे १५१००.