तीन घोडे, एक स्वार

(दृश्य : लाल मातीचं मैदान. पोफळीचे पांढरे-निळे रंगवलेले दांडे. मागे काजूची झाडं.)

पेडणे तालुक्यातल्या या वाडीत घोडे तीन आणि स्वार एक. स्वार म्हणजे ताई. दिवसा त्या म्हापशात औषधांचं दुकान चालवतात आणि उरलेला वेळ तबेल्यात असतात. घोड्यांचं सगळं मामांकडे. मामा मूळचे सोलापूरकडचे, अर्धं आयुष्य पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेले.

घोड्यांच्या स्पर्धेला तीन घोडे नेले की बक्षिसाची शक्यता तिप्पट, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. घोडं पेंड खातं ते इथेच. तिप्पट होतात ती कामं. कुठल्या घोड्यावर कधी बसायचं, कुणाला किती दमवायचं, स्वतःच्या पाठीत किती जोर शिल्लक ठेवायचा, हे ठरवण्यातच अर्धी स्पर्धा होऊन जाते.

(दृश्य : तीन ठाणी, तीन तोंडं.)

हा बादशा. कुमैत रंगाचा थरोब्रेड, शर्यतीतून निवृत्त. त्याला जन्मभर एवढंच शिकवलं, की पळ. आता उड्यांच्या स्पर्धेत अडथळ्यासमोर जरा दमानं घे म्हटलं तर त्याला ते पटत नाही. हा तुफान. नाव कुणी ठेवलं कोण जाणे. चंदीचा, म्हणजे दाण्याचा, तोबरा दिसला तरच याला घाई सुचते. वय झालंय, अंगानं ठेंगणा, पण उडी शहाण्यासारखी मारतो. आणि ही मोगरी, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली, मारवाडी घोडी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. मोगरी उड्या मारत नाही. तिला रिंगणात दाखवायचं असतं.

‘दाखवणं’ म्हटलं की उड्या मारणारे नाक मुरडतात. घोडा सजवून फिरवायचा, त्यात काय मोठंसं? पण परीक्षक घोडी चालवत लांब न्यायला सांगतो आणि दुडक्या चालीनं सरळ आपल्याकडे आणायला लावतो. पाय सरळ रेषेत पडतो की बाहेर फेकला जातो, हे त्याला त्या एका फेरीत कळतं. मग तो पायांवरून हात फिरवतो, खुरं बघतो. तेवढा वेळ घोडीनं शेजारच्या घोड्याकडे न बघता उभं राहायचं. खोटं करता येईल असं यात फारसं काही नाही. अंगावरची चकाकी आदल्या रात्रीच्या शाम्पूनं येत नाही. ती येते रोजच्या खराऱ्यानं, जंताच्या औषधानं आणि पोटात गेलेल्या चाऱ्यानं.

(दृश्य : पाऊस. पागोळ्या. मामा खूर उचलून साफ करताहेत.)

गोव्यात हे सगळं जड जातं ते पावसामुळे. जून ते सप्टेंबर जमीन वाळत नाही. खुराच्या तळव्याला सड लागते, काळा दुर्गंधी चिकटा येतो. पाठीवर बुरशीसारखे खपले धरतात आणि केस झडतात. तिथे नवे केस यायला आठवडे लागतात. म्हणजे ऑगस्टमध्ये मामांच्या नजरेतून सुटलेला एक चट्टा हिवाळ्यातल्या रिंगणात परीक्षकाला दिसू शकतो.

पाऊस सरला की ऑक्टोबरचा उकाडा. दमट हवेत काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं, आणि घाम थांबला की घोडा आतून तापत जातो. म्हणून मामा रपेटीनंतर आधी बादशाच्या मानेखाली आणि मांड्यांमध्ये हात घालून बघतात. ओल लागली की मग पाण्याची बादली.

खरं तर गोव्यानं घोडे पूर्वी खूप पाहिले. सोळाव्या शतकात अरबस्तान आणि इराणहून जहाजांनी आलेले घोडे इथे उतरत, पोर्तुगीज त्यावर जकात घेत, आणि घोडे घाट चढून विजयनगरला, विजापूरला जात. इथे राहत थोडेच. आज सत्तरी-डिचोलीच्या गावांत शिगम्याला घोडेमोडणी निघते, तेव्हा नाचणाऱ्यांच्या कमरेला घोडा असतो तो लाकडाचा. म्हणून बादशा रस्त्यावर आला, की लोक अजून स्कूटर थांबवून बघतात.

(दृश्य : ट्रक. फळीवरून चढणारा तुफान, मागे बादशा.)

स्पर्धेला पुणं गाठायचं. आंबोलीचा घाट, आजरा, निपाणी, मग हमरस्ता. निघण्याआधी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात हवा. हा रोग माणसालाही होतो. वाटेत दर काही तासांनी ट्रक थांबवून दोर सैल करायचे. घोड्याचं डोकं सतत वर बांधलेलं राहिलं तर श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. डोकं खाली घालून शिंकरू दिलं, की निम्मं काम झालं.

(दृश्य : स्पर्धेचं मैदान. ताई अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजताहेत.)

घोड्यावर बसण्याआधी स्वार मैदान पायी चालून घेतो. ताईंचं पाऊल साधारण तीन फुटांचं. उतरायला दोन पावलं, पुढची उडी घ्यायला दोन, आणि मधली दर चार पावलं म्हणजे दौडत्या घोड्याची एक झेप. तिसऱ्या आणि चौथ्या अडथळ्यात २४ पावलं भरली. हिशेबानं पाच झेपा.

पण हा हिशेब कुणाचा? तुफान ठेंगणा, तो तिथे सहा झेपा घेणार. बादशाची झेप लांब. मोकळा सोडला तर साडेचारात पोचेल, आणि ती अर्धीच अडथळ्यावरचा दांडा पाडते. एक दांडा पडला की चार गुण दंड. तेच मैदान, त्याच दिवशी, ताईंना दोन वेगवेगळ्या मापांनी पाठ करावं लागतं.

तुफान आधी. तो चुकत नाही, आणि त्याच्या पाठीवरून मैदानाचे खाचखळगे कळतात. धोका एवढाच, की तुफानला टाच मारमारून पुढे काढणारे ताईंचे पाय बादशावर बसल्यावरही तसेच वागतात. मधल्या वेळात मामा ताईंना पाणी देतात आणि दर वेळी तेच बजावतात, “ताई, आता पाय गप्प.”

तुफान निर्दोष. बादशाचा एक दांडा पडला. तिसऱ्या-चौथ्याच्या मधला नाही, शेवटचा. अडथळे संपले असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं. दुपारी मोगरी दुसरी आली. पहिल्या आलेल्या घोडीची चाल खरोखरच सरळ होती, हे मामाही मान्य करतात.

(दृश्य : परतीच्या वाटेवर चहाची टपरी.)

पुढच्या मोसमात दोनच घोडे न्यावेत, असं ताईंच्या मनात आहे. खर्च आहे, कंबर आहे, दुकान आहे. तुफानला आता घरी राहू द्यावं. मामांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, “तुफान पुढं असल्याशिवाय बादशा ट्रकात चढतो का, ते आधी बघा.”

ताईंनी ते अजून करून बघितलेलं नाही.